मांगीतुंगीच्या पायथ्याशी थांबलेली गाडी

भाद्रपदातील बागलाण एकदा तरी डोळे भरून पाहावे. नाशिकहून देवळा, सटाणा, ताहाराबाद अशी वाट धरली की द्राक्षबागा मागे पडू लागतात आणि डाळिंबाच्या बागा, मक्याची उभी शेते व कांद्याच्या लांबलचक चाळी यांची सोबत सुरू होते. ताहाराबादच्या परिसरात मोसम नदीच्या खोऱ्यात शिरल्यावर सेलबारीची डोंगररांग समोर येते आणि तिच्या माथ्यावर दोन सुळके दिसतात. एक मांगी, दुसरा तुंगी. मांगीची उंची ४३४३ फूट, तुंगीची ४३६६ फूट. पावसाळ्यात ढग खाली उतरले की दोन्ही शिखरे एकाच वेळी क्वचितच दिसतात. कधी मांगी उघडी पडते, कधी तुंगी. दोघांमधली खिंड तेवढी धुक्याने भरलेली असते.

नाशिकपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर असलेले हे सिद्धक्षेत्र दिगंबर परंपरेत फार प्राचीन मानले जाते. राम, हनुमान, सुग्रीव, नील, महानील आदी महापुरुषांसह नव्व्याण्णव कोटी मुनी येथून मोक्षाला गेले, अशी श्रद्धा आहे. सुमारे साडेतीन हजार पायऱ्या चढून यात्रेकरू वर जातात. वाटेवर आणि शिखरांवर गुंफा आहेत, कातळात कोरलेल्या तीर्थंकरांच्या आणि मुनींच्या मूर्ती आहेत. अलीकडच्या काळात या क्षेत्राचे नाव जगभर पोहोचले ते भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंचीच्या मूर्तीमुळे. गणिनीप्रमुख ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने अखंड पाषाणात घडलेल्या या मूर्तीचा पंचकल्याणक महोत्सव २०१६ च्या फेब्रुवारीत झाला.

या डोंगराशी आणखी एक कथा जोडलेली आहे. ती दोन भावांची आहे. द्वारकेचा दाह झाल्यावर वनात जरत्कुमाराच्या बाणाने श्रीकृष्णांचा अंत झाला. बलभद्र पाणी आणायला गेले होते. परतल्यावर धाकटा भाऊ गेला हे सत्य त्यांना स्वीकारता येईना. भाऊ झोपला आहे, रुसला आहे, अशा समजुतीने ते त्याचा देह खांद्यावर घेऊन सहा महिने फिरले. शेवटी एका देवाने त्यांना भानावर आणले, तेव्हा तुंगीच्या डोंगरावर त्यांनी भावाला अग्नी दिला आणि दीक्षा घेतली. येथे तपश्चर्या करताना बलभद्रांनी जगाकडे पाठ फिरवली, असे सांगतात. म्हणून त्यांच्या मूर्तीची पाठच भक्तांना दिसते. यात्रेकरू त्या पाठीला नमस्कार करून पुढे जातात.

नाशिकचे एक व्यापारी कुटुंब दशलक्षण पर्वासाठी या क्षेत्री आले होते. भुसार मालाची तीन पिढ्यांची पेढी, घरात धर्माची आवड. सत्तरी ओलांडलेले आप्पा, माई, मुलगा, सून आणि आठवीतला नातू. भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या संध्याकाळी त्यांची गाडी धर्मशाळेच्या आवारात, त्यांच्याच खोलीच्या खिडकीखाली उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून उत्तम क्षमा, उत्तम मार्दव, उत्तम आर्जव असे एकेक धर्माचे दिवस सुरू झाले. पहाटे अभिषेक, दिवसा पूजन, दुपारी स्वाध्याय, संध्याकाळी आरती. आप्पांनी एकभुक्त केले. पावसाने उघडीप दिली त्या दिवशी डोलीने वर जाऊन दर्शन घेतले. बलभद्रांच्या गुंफेपाशी ते बराच वेळ थांबले होते, असे नातवाने खाली आल्यावर आजीला सांगितले. माई काही बोलल्या नाहीत. त्यांना कारण ठाऊक होते.

अकरा वर्षांपूर्वी पेढीची वाटणी झाली होती. धाकटे बंधू सटाण्याला गेले आणि तेथे त्यांनी स्वतंत्र दुकान थाटले. वाटणी कागदोपत्री चोख झाली. पै-पैचा हिशेब लागला, सह्या झाल्या, खाती बंद झाली. मात्र एका गोदामावरून त्या दिवशी शब्दाला शब्द लागला होता आणि तो शब्द कोणत्याही खात्यात जमा-खर्ची पडला नव्हता. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांच्या उंबऱ्यावर गेले नाहीत. पेढीतून दरवर्षी क्षमावाणीची पत्रे निघत. अडते, दलाल, गिऱ्हाइके, वाहतूकदार, सगेसोयरे अशी तीनशेच्या वर नावे त्या यादीत होती. सटाण्याचे नाव यादीत नव्हते. सख्ख्या भावाला छापील पत्र पाठवणे आप्पांना बरे वाटत नसे, आणि हाताने लिहायला घेतले की दुसऱ्या ओळीपुढे लेखणी सरकत नसे.

या वर्षी त्यांनी निश्चय केला. क्षमावाणीच्या दिवशी क्षेत्रावरून निघायचे ते थेट सटाण्याला. आधी फोन करायचा नाही. केला तर काहीतरी निमित्त निघेल. सूर्यास्तापूर्वी पोहोचायचे, कारण रात्री भावाच्या दारात गेलो आणि जेवणाला नाही म्हणावे लागले तर त्याचा वेगळा अर्थ होईल. मांगीतुंगीहून सटाणा हा तासाभराचा रस्ता. दुपारी भोजन करून एक वाजता निघायचे ठरले.

भाद्रपद वद्य प्रतिपदेला सकाळी मंदिरात क्षमावाणीचा सोहळा झाला. लहानथोर एकमेकांसमोर हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणत होते. एक वाजता सामान बाहेर आले. मुलाने किल्लीवरचे बटण दाबले. गाडीने प्रतिसाद दिला नाही. पुन्हा दाबले, तरी नाही. किल्लीच्या डबीत लपवलेली धातूची छोटी किल्ली काढून त्याने दार उघडले, ब्रेकवर पाय ठेवला आणि चालू करण्याचे बटण दाबले. समोरच्या पट्टीवरचे दिवे क्षीणपणे लुकलुकले, कुठेतरी टकटक असा आवाज झाला, ब्रेकचा, स्टिअरिंगचा, आणखी कशाकशाचा इशारा एकदम उमटला आणि सगळे पुन्हा काळे झाले. सामानाची डिकी विजेच्या कळीवर उघडणारी, तीही उघडेना.

गाडी हायब्रिड होती, चार वर्षांची. पेट्रोलची टाकी अर्धी भरलेली होती. येताना घाट उतरून आल्यामुळे मोठ्या बॅटरीच्या पट्ट्याही जवळजवळ पूर्ण दिसत होत्या, हे मुलाला चांगले आठवत होते. “दोन-दोन इंधने भरलेली असताना गाडी निघत नाही म्हणजे काय?” असे तो पुन:पुन्हा म्हणत होता.

त्याचा प्रश्न रास्त होता आणि उत्तर गाडीच्या रचनेत होते. हायब्रिड गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि विजेची मोटरही असते. मोटरला वीज पुरवणारी मोठी बॅटरी साधारणपणे दीडशे ते अडीचशे व्होल्टची असते. उतारावर किंवा ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती ती साठवते आणि चढावर किंवा शहरातल्या गर्दीत परत देते. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टोयोटाची प्रियस विक्रीला आली, तेव्हापासून ही पद्धत जगभर रुळली. मात्र या मोठ्या बॅटरीखेरीज गाडीत आणखी एक लहान बॅटरी असते. साध्या मोटारीत असते तशीच, बारा व्होल्टची. दारांची कुलुपे, दिवे आणि गाडीचे सगळे संगणक तिच्यावर चालतात. बटण दाबल्यावर आधी हे संगणक जागे होतात, सर्व ठीक असल्याची खातरजमा करतात आणि मगच मोठ्या बॅटरीचा प्रवाह खुला करणारे रिले जोडतात. सुरक्षेसाठी मोठी बॅटरी एरवी गाडीपासून तोडलेलीच असते. लहान बॅटरी संपली की रिले जुळत नाहीत आणि मोठी बॅटरी भरलेली असून तिचा उपयोग होत नाही.

व्यापाऱ्याला हे समजायला अवघड नाही. पेढीची तिजोरी भरलेली आहे, पण किल्ल्या ज्याच्या कमरेला, तो मुनीम बेशुद्ध पडला आहे. तिजोरीत लाखो असतील. दारातल्या हमालाला द्यायला पाच रुपये निघणार नाहीत.

पहिला उपाय सुचला तो धक्का मारण्याचा. क्षेत्रावरची चार तरुण मुले लगेच पुढे झाली. मुलाने त्यांना थांबवले नाही, पण सुनेने थांबवले. ती तोवर गाडीच्या पुढच्या कप्प्यातून निर्मात्याची पुस्तिका काढून वाचत बसली होती. हायब्रिड गाडी धक्क्याने चालू होत नाही, कारण तिच्यात इंजिन फिरवण्याचे काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर करते. आणि चाकांना जोडलेल्या त्या मोटरमुळे पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढत नेणेही घातक ठरते. चाके फिरली की मोटर वीज निर्माण करू लागते. अशी गाडी न्यायचीच तर सपाट तळाच्या वाहनावर चढवून, किंवा चालणारी चाके उचलून. पुस्तिकेत हे चौकटीत छापले होते.

दुसरा उपाय मदतीच्या फोनचा. फोन लागला. नाशिकहून माणूस निघेल, संध्याकाळ होईल, असे उत्तर आले. आप्पा ओट्यावर बसून हे ऐकत होते. त्यांनी घड्याळ पाहिले. दोन वाजून गेले होते. “एस.टी. मिळेल ना ताहाराबादहून?” त्यांनी विचारले. मुलगा म्हणाला, “आप्पा, एवढे सामान, माईंचे गुडघे, आणि पावसाचे दिवस. उद्या जाऊ आपण काकांकडे.” आप्पा शांतपणे म्हणाले, “उद्या क्षमावाणी नसेल.” माईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. अकरा वर्षांत उद्या या शब्दाने काय केले होते, ते दोघांना ठाऊक होते.

तिसरा उपाय दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीने गाडी जागी करण्याचा. आवारात यात्रेकरूंची एक मोठी बस उभी होती. तिच्या चालकाने मोठ्या मनाने जोडवायरी आणून दिल्या आणि बस जवळ घेण्याची तयारी दाखवली. सून म्हणाली, “काका, तुमची बस चोवीस व्होल्टची आहे का?” चालक हसून म्हणाला, “हो ताई, मोठे काम आहे ना.” मोठ्या बस आणि मालमोटारींमध्ये बहुधा चोवीस व्होल्टची व्यवस्था असते. बारा व्होल्टच्या गाडीला ती जोडली तर नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग जळण्याची भीती असते. वायरी मिळाल्या होत्या. बॅटरी मिळायची होती.

तीन वाजता भिलवाडच्या बाजूने एक पिकअप आली. सकाळी कांदा बाजार समितीत उतरवून ती रिकामी परतत होती. हौद्यात कांद्याची साले उडत होती आणि उग्र वास पसरला होता. आप्पांच्या घरात कांदा तीन पिढ्यांत शिरलेला नव्हता. चालकाने गर्दी पाहून गाडी थांबवली आणि विचारले, “काय व्हयनं, भाऊ?” हकिगत कळल्यावर त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. पिकअप मागे-पुढे घेऊन नाकाला नाक लावावे तशी बंद गाडीसमोर उभी केली, दोन्ही वाहने एकमेकांना टेकणार नाहीत एवढे अंतर राखून. त्याची बॅटरी बारा व्होल्टची होती.

आता पुस्तिकेचे पान आणि चालकाचा अनुभव एकत्र आले. या गाडीची लहान बॅटरी डिकीत होती आणि डिकी उघडत नव्हती. मात्र पुढच्या झाकणाखाली, फ्यूजच्या पेटीत, लाल टोपणाखाली अशा प्रसंगासाठीच एक जोडबिंदू ठेवलेला असतो, असे पुस्तिका सांगत होती. झाकण साध्या तारेच्या कळीवर उघडणारे असल्याने ते उघडले. नातवाने लाल टोपण शोधून काढले. सून एकेक पायरी मोठ्याने वाचत गेली आणि चालक तसे करत गेला. लाल वायरीचे एक टोक बंद गाडीच्या जोडबिंदूला. दुसरे टोक पिकअपच्या बॅटरीच्या धन टोकाला. काळ्या वायरीचे एक टोक पिकअपच्या ऋण टोकाला; आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनजवळच्या रंग नसलेल्या घट्ट धातूला. धन आणि ऋण यांची अदलाबदल झाली तर क्षणात मोठे नुकसान होते, म्हणून प्रत्येक टोक जोडण्यापूर्वी दोघांनी खूण पडताळली. इंजिनजवळून जाणाऱ्या जाड नारिंगी वायरींकडे बोट दाखवून सून म्हणाली, “त्यांना हात नाही लावायचा. त्या मोठ्या बॅटरीच्या आहेत.” नारिंगी रंग हा हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांमधील उच्च दाबाचा इशारा असतो, त्या वायरींना हात लावण्याचे काम प्रशिक्षित माणसाचेच.

पिकअपचे इंजिन सुमारे पाच मिनिटे चालू ठेवले. मग मुलाने ब्रेक दाबून बटण दाबले. पट्टीवरचे दिवे या वेळी ठसठशीत लागले. आवाज मात्र काहीच झाला नाही. “नाही झाली,” असे म्हणून तो पुन्हा बटण दाबणार, तोच सुनेने त्याचा हात धरला. पट्टीवर हिरव्या अक्षरांत ‘रेडी’ उमटले होते. हायब्रिड गाडी चालू झाल्याचा पुरावा हा शब्द असतो, इंजिनाचा आवाज नव्हे. मोठी बॅटरी भरलेली असेल तर इंजिन लगेच सुरू होतच नाही. गाडी निःशब्दपणे तयार असते. बंद समजून पुन्हा बटण दाबले असते तर ती खरोखरच बंद झाली असती.

वायरी जोडल्या त्याच्या उलट क्रमाने काढल्या गेल्या. मुलाने खिशातून पैसे काढले. पिकअपच्या चालकाने हात मागे घेतला आणि डोंगराकडे पाहून नमस्कार केला. आप्पा ओट्यावरून उठून त्याच्यापाशी आले. त्यांनी हात जोडले आणि तोंडातून दिवसभर घोळणारेच शब्द आले, “उत्तम क्षमा.” त्याला अर्थ उमगला नसावा, पण त्यानेही हात जोडले. मग माईंनी प्रसादाची पुडी त्याच्या हातात ठेवली, ती त्याने कपाळाला लावून घेतली.

चार वाजून गेल्यावर गाडी क्षेत्राबाहेर पडली. त्या तासाभराच्या प्रवासात सुनेने पुस्तिकेतील उरलेली पाने वाचून काढली. बॅटरी का संपली, याचे एकच एक कारण सापडले नाही. तीन-चार लहान कारणे मिळून झाले होते. गाडी बारा दिवस जागची हलली नव्हती. किल्ली खिडकीशीच खुंटीला टांगलेल्या कोटात होती. अशी किल्ली गाडीच्या फार जवळ राहिली की गाडी तिची चाहूल घेत अर्धवट जागी राहू शकते. काचेला लावलेला कॅमेरा गाडी बंद असतानाही थोडी थोडी वीज घेत होता. आणि लहान बॅटरी चार वर्षांची झाली होती. अशा बॅटरीचे आयुष्य बहुधा तीन ते पाच वर्षांचे असते. हायब्रिड गाडीत ती इंजिन फिरवण्याचे जड काम करत नाही, त्यामुळे ती म्हातारी झाल्याचे लवकर लक्षात येत नाही. साध्या गाडीत इंजिन कुरकुरत सुरू होऊ लागले की मालक सावध होतो. येथे कुरकुर होत नाही, एके दिवशी एकदम मौन पडते.

चातुर्मासात, पर्वकाळात किंवा परगावी जाताना गाड्या दिवसच्या दिवस उभ्या ठेवणाऱ्या कुटुंबांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. गाडी उभी असेल तर आठवड्यातून एकदा ती ‘रेडी’ स्थितीत आणून अर्धा-पाऊण तास ठेवावी, शक्य तर एक फेरी मारून आणावी. केवळ दिवे किंवा रेडिओ लावणाऱ्या स्थितीत ठेवल्याने लहान बॅटरी भरत नाही, उलट रिकामी होते. ‘रेडी’ झाल्यावरच मोठी बॅटरी लहान बॅटरीला भरू लागते. मात्र हे बंद गॅरेजमध्ये करू नये, कारण इंजिन आपोआप सुरू होते आणि त्याचा विषारी धूर साचतो. किल्ली गाडीपासून दूर ठेवावी. कॅमेऱ्याची जोडणी काढावी. धातूची किल्ली कोठे लपलेली आहे आणि जोडबिंदू कोठे आहे, हे घरातल्या किमान दोघांना ठाऊक असावे. किल्लीतील नाण्याएवढी बॅटरी संपली असेल, तर किल्लीच चालू करण्याच्या बटणाजवळ धरून पाहावी. अनेकदा तेवढ्याने काम होते. बटण दाबताना पाय ब्रेकवर आहे ना, गिअर ‘पी’ वर आहे ना, हेही आधी पाहावे. पेट्रोल संपवून केवळ मोठ्या बॅटरीच्या भरवशावर गाडी रेटू नये. ती बॅटरी पूर्ण उतरली तर घरगुती चार्जरने भरता येत नाही. आपल्या हायब्रिड गाडीने दुसऱ्याची गाडी चालू करून देण्यापूर्वीही पुस्तिका पाहावी. पुष्कळ पुस्तिका त्यास मनाई करतात.

सटाणा जवळ येऊ लागले तसे गाडीतले बोलणे कमी झाले. पाऊस थांबला होता. पश्चिमेला ढगांखालून सूर्य बाहेर आला होता आणि अजून बराच वर होता. नातू मागे वळून शिखरे शोधत होता. वळणावळणांत ती केव्हाच दिसेनाशी झाली होती.

धाकट्या बंधूंचे दुकान खाली आणि घर वर. गाडी दुकानासमोर थांबली. मुलाने ती बंद केली नाही. लहान बॅटरी पुरेशी भरली असेल की नाही, याची त्याला खात्री नव्हती. गाडी ‘रेडी’ होती. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ती बंदच वाटली असती. आप्पा खाली उतरले. गल्ल्यावर बसलेल्या बंधूंनी मान वर केली आणि क्षणभर ते बसूनच राहिले. मग चष्मा काढून ठेवला, गल्ला तसाच उघडा टाकून पायऱ्या उतरून आले.

आप्पांनी बारा दिवस मनात जुळवलेली वाक्ये होती. गोदामाबद्दल होती, त्या दिवसाच्या शब्दाबद्दल होती, आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल होती. त्यांपैकी एकही बाहेर आले नाही. त्यांनी नुसते हात जोडले. धाकट्या भावाने ते हात मध्येच धरले आणि वाकून पायांना स्पर्श केला. “दादा,” ते म्हणाले, आणि पुढे त्यांनाही काही सुचेना. शेवटी एवढेच म्हणाले, “वर चला. दिवस आहे अजून. पाने घेतो लगेच.” वरच्या सज्जात जाऊबाई आल्या होत्या, माईंना पाहून त्या तशाच आत वळल्या आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

मुलगा अजून गाडीतच बसला होता. काकांनी काचेशी येऊन म्हटले, “अरे, बंद कर ना गाडी. ये वर.” त्याने वडिलांकडे पाहिले. आत्ता बंद केली आणि पुन्हा चालू झाली नाही तर काय, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

“बंद कर,” आप्पा म्हणाले. “नाही निघाली तर राहू इथेच.”

त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी सात पाने मांडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्याच प्रयत्नात ‘रेडी’ झाली. तरी काकांनी ओळखीच्या माणसाकडून लहान बॅटरी तपासून घेतली. ती थकली होती; त्याच प्रकारची नवी बॅटरी त्याने दुपारपर्यंत बसवून दिली. कुटुंब मात्र तिसऱ्या दिवशी नाशिकला निघाले.